बेगमचे चाळीस किलोमीटर

आमच्या घोडेवाल्यांच्यात चार जण जमले की चहा गार होतो. कुणीतरी म्हणतं, "ते आठवतंय का?" आणि सुरू. एका किश्शातून दुसरा निघतो, आणि गंमत अशी की घोडे कितीही बदलले तरी प्रत्येक किश्शात गाढव मीच असतो.

कारण आमच्या लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीची वाट आखायची आणि तळ टाकायचा, ही दोन्ही कामं माझ्या गळ्यात. ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान सांभाळून करतो. कौतुक कुणी करत नाही, शिव्या मात्र सगळे वेळेवर देतात.

ही शर्यत नव्हे, हे सांगून माझा घसा बसलाय. चाळीस किलोमीटर जायचं, तळावर परत यायचं, आणि अर्ध्या तासात घोड्याचे ठोके मिनिटाला चौसष्टपर्यंत खाली यायला पाहिजेत. नाही आले तर पहिला आलेला घोडासुद्धा बाद. हे एका मुरगूडच्या पावण्याला समजावलं. तो म्हणाला, "मग पळवतासा कशाला? गोठ्यातच मोजा की."

*

आमच्यात एक सलीमभाई. घराणं नाल ठोकणाऱ्यांचं, पण पोट भरलं ते बेगमवर. बेगम म्हणजे त्यांची पांढरी घोडी. चौदा वर्षं तिनं पंचक्रोशीतले नवरदेव वाहिले. म्हातारपणी सलीमभाईंनी तिला वरातीतून सोडवलं आणि आमच्यात आणलं. त्यांचं एकच म्हणणं, "दादा, नाचली म्हणून हिला सगळं गाव वळखतं. चाळीस किलोमीटर चालली म्हणून एकदा तरी कागदावर नाव येऊ दे."

ते नाव दोनदा हुकलं. दोन्ही वेळा माझ्यामुळं.

*

पहिल्यांदा मी वाट दाखवायला झाडांना लाल फिती बांधल्या. गगनबावड्याच्या बाजूची वाट, वळणं फार, म्हणून आठवडाभर आधीच बांधल्या. एका वळणावर बाभूळ होती. कुणा बाईला वाटलं, नवसाची असणार. तिनं शेजारच्या झाडाला आपली एक बांधली. तिचं बघून दुसरीनं बांधली. आठवड्यात नऊ झाडं लाल झाली, ती भलत्याच दिशेला. सलीमभाई इमानदारीत फिती बघत गेले आणि एका खाणीत पोचले. परत येईस्तोवर वेळ संपली होती.

मी फिती सोडायला गेलो तर एक म्हातारी काठी घेऊन आडवी आली. "हात लावू नगंस. सुनेला गुण आलाय."

*

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. फिती बंद. रस्त्यावर पांढऱ्या फक्कीचे बाण मारले, तेही पहाटे, स्वतः वाकून. कंबरेचा पार काटा ढिला झाला. आणि त्याच दिवशी वाटेतल्या गावात लग्न! त्यांनीही मांडवाकडं बाण मारलेले, पांढऱ्या फक्कीचेच.

बाकीचे घोडे चौकात गोंधळून थांबले, विचारून पुढं गेले. बेगमनं विचारलं नाही. सलीमभाई लगाम ओढतायत आणि ती ताठ मानेनं थेट मांडवाच्या दारात. मुलीचा बाप हात जोडून आला, "पावणं, आमचं घोडं मघाशीच आलंय. तुमाला कुणी सांगितलं?" जेवल्याशिवाय त्यांना सोडलं नाही. इकडं मी तळावर घड्याळाकडं बघत जळफळतोय, आणि हे जिलेबी खातायत.

*

यंदा आमचे घोडे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बेगमला बघून सांगितलं, "हे शेवटचं वर्ष. पुढं हिला चालवायची नाही."

मी ठरवलं, आता चूक नको. नदीकाठच्या जुन्या तळावर ऊस लागला होता, म्हणून एका आबांचं मोकळं रान ठरवलं. एवढंच म्हणालो, "आबा, जागा जरा मऊ असू द्या. घोड्यांचे पाय दुखतात." आदल्या दिवशी मंडपवाल्याला घेऊन गेलो तर आबांनी दोनदा नांगरून, रात्रभर पाणी सोडून ठेवलेलं. माझा बूट आत गेला तो वर आलाच नाही. मी ओरडलो तर आबाच रुसले. "मऊ पायजे म्हणालासा की! भात लावता येतोय बघा."

डोकं धरून बसलो. शेवटी ग्रामपंचायतीपुढच्या पटांगणात तळ टाकला.

*

भर गावात तळ, त्यामुळं अख्खं गाव बघायला. बेगम सगळ्यांत शेवटी आली, पण वेळेत आली. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर गावाला उमाळा आला. म्हाताऱ्या घोडीचा मान म्हणून कुणीतरी हलगी काढली. हलगी कडाडली आणि चाळीस किलोमीटर चाललेली बेगम दोन पायांवर नाचायला लागली.

ठोके शहात्तर. मी अंगावर धावून जाऊन हलगी थांबवली. पंधरा मिनिटं झाली, बाहत्तर. वीस झाली, तरी सत्तर. बेगम कान टवकारून उभी, पाण्याला तोंड लावेना.

सलीमभाई रडकुंडीला आले. "दादा, हलगी वाजली, मान्सं जमली. आता नवरदेव उतरून भाकरतुकडा ओवाळल्याबिगर ती ड्यूटी सुटली असं धरत न्हाय."

"मग तुम्ही बसा आणि उतरा."

"मी रोजचा. मला ती नवरा धरंल व्हय? फेटा पायजे."

सरपंचांनी आपला फेटा काढून माझ्याच डोक्यावर ठेवला. मी डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "फेट्याबद्दल यात काही नाही. सात मिनिटं राहिलीत."

मी चढलो. दहा पावलं गेलो. ग्रामपंचायतीच्या पायरीशी उतरलो. अख्खं गाव हसत होतं. माझी बायको तळावरचं जेवण बघत होती, ती तशीच ओल्या हातानं भाकरीचा तुकडा घेऊन आली. माझ्यावरून, बेगमवरून तीनदा ओवाळला आणि लांब फेकला.

बेगमनं लांब श्वास सोडला, मान खाली घातली आणि बादलीत तोंड घातलं.

डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. घड्याळ लावून मिनिटभर ठोके मोजले. "बासष्ट. पास."

सलीमभाई घोडीच्या गळ्यात पडून रडले. मीही रडलो, त्यात लाज कसली. मग डोळे पुसून फेटा काढायला हात वर नेला, तर बायकोनं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या की जरा. आपल्या लग्नात फटफटीवरनं आलतासा."