बटव्यातले पहिले नाणे

हे बाळराजा, चर्चच्या वेदीवरच्या, लाल मखमली अंगरख्यातल्या चिमुकल्या देवा, ज्याच्या तळहातावर पृथ्वीचा गोल लिंबासारखा मावतो, त्या तुला आधी वंदन. समुद्र तुझा, समुद्रावरचा वारा तुझा, आणि त्या वाऱ्यावर घर सोडून गेलेली आमची माणसेही तुझीच. दाता कसा असावा ते तुझ्याकडून शिकावे. तहानेल्याला तू पाणी देतोस, पंखा देत नाहीस. तुझे नाव घेऊन तुझ्याच एका सेवेकऱ्याची गोष्ट सांगायची आहे. आणि बाळराजा, सांगता सांगता तुझ्याशी थोडे भांडणही होईल, ते पोटात घाल.

त्याचे नाव एलेउतेरिओ लुमांतास. पूर्वेकडच्या समुद्रातल्या बोहोल बेटावर, लोआय गावात, त्याला सगळे तेर्यो म्हणतात. तो खोल्या आवरतो त्या सफरीच्या जहाजावरचे पाहुणे टेरी म्हणतात. पूर्ण नावाने त्याला एकटी बायको पुरिंग हाक मारते, तीही रागावल्यावरच.

दुसऱ्यांच्या चादरी ताणता ताणता तेर्योचे केस पिकले. त्याचे जहाज मायामीहून निघे, उन्हाळी बेटांना वळसा घाली आणि आठवडा सरला की पुन्हा मायामीला येऊन लागे. जुने पाहुणे उतरत, दुपारपर्यंत नवे चढत, आणि त्या मधल्या वेळात तेर्योने आपल्या वाट्याच्या खोल्या अशा करायच्या की जणू तिथे कधी कुणी झोपलेच नव्हते. टॉवेलची घडी घालून तो हत्ती करी, माकड करी, कधी हंस करी. पाहुण्यांची मुले टाळ्या पिटत. तेर्यो हसे, आणि त्या हसण्यात खोटे काही नसे, कारण हे कामही तो प्रार्थना म्हणूनच करी.

यंदाचा करार संपत आला होता. एकच फेरी उरली होती. त्याच्या मजल्याचा मुकादम मारियान, उंच, खांदे पाडून चालणारा क्रोएशियाचा माणूस, त्याला म्हणाला होता की पुढच्या करारात तुला वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोल्या देतो, फक्त तोवर तुझ्या नावावर एकही तक्रार येऊ देऊ नकोस. वरच्या खोल्यांतल्या पाहुण्यांचा हात सैल असतो हे सगळ्या जहाजाला ठाऊक होते. आणि लोआयला पुरिंगच्या घरातल्याच छोट्या दुकानाचे छप्पर वादळाने नेले होते. तिथे अजून निळी ताडपत्री फडफडत होती. वरच्या खोल्या म्हणजे तेर्योच्या मनात पत्रे होते, नवे कोरे, पावसात वाजणारे पत्रे.

खालच्या मजल्यावर, नोकरांच्या जेवणघरात, भात आणि सुक्या मासळीवर एकच वाद पुन्हा पुन्हा रंगे: पाहुण्यांनी बक्षिसी म्हणून रोख द्यावी की भेटवस्तू? त्याच्याच देशातला, इलोइलोचा सेल्सो वाढप्याचे काम करी आणि तेर्योला ‘मानोंग’, म्हणजे दादा, म्हणे. त्याला भेटवस्तूंचा मनस्वी कंटाळा होता. किल्ल्या अडकवायच्या साखळ्या, चिकटवायची चित्रे, वितळलेली चॉकलेटे, यांनी त्याची पेटी भरली होती.

“मानोंग, साखळ्यांवर साखळ्या देतात,” तो म्हणे. “पण किल्ली लावायला घर कुठंय?”

सगळे हसत. तेर्यो मात्र त्याला दटावी. देणाऱ्याचे मन बघावे, वस्तू बघू नये, असे तो सांगे. इतकी वर्षे त्याने हीच बाजू धरली होती, आणि बाळराजा, तुला साक्ष ठेवून सांगतो, मनापासून धरली होती.

त्या शेवटच्या फेरीत त्याच्याकडे मिसेस हाल्वर्सन आल्या. मिनेसोटाच्या, निवृत्त शिक्षिका, नवरा गेलेल्या, एका गुडघ्याने अधू. तेर्योने सकाळ-संध्याकाळ गुडघ्यासाठी बर्फ आणला, उशा बदलल्या, त्यांच्या नवऱ्याच्या गोष्टी दारात उभे राहून ऐकल्या. त्यांना हत्ती आवडला म्हणून रोज हत्ती केला, रोज वेगळ्या ढंगाचा. बाई मायाळू होत्या, यात तिळमात्र शंका नाही. घोटाळा झाला तो त्या मायेतूनच.

उतरायच्या दिवशी सकाळी त्यांनी तेर्योला बोलावले आणि त्याच्या हातावर एक बटवा ठेवला. रेशमी, पट्ट्यापट्ट्यांचा, हाताने शिवलेला. नवऱ्याचे टाय उसवून त्यांनी तो या सफरीसाठीच शिवला होता. पैसे काय, खर्चून जातात, त्या म्हणाल्या. हा तुझ्या बायकोकडे राहील. आणि मोठ्या समाधानाने त्यांनी हेही सांगितले की बिलात रोज लागणारे सेवेचे पैसे त्यांनी काढून टाकायला लावले आहेत. ते नोकरांपर्यंत पोचतच नाहीत असे कुणीतरी त्यांना सांगितले होते. म्हणून हे थेट हृदयातून.

ते पैसे पोचत होते. त्यातलाच वाटा साठवून तेर्यो घरी धाडी. पण त्याने आभार मानले आणि दाराबाहेर येऊन बटवा उघडला.

आत काही नव्हते.

लोआयला कुणी कुणाला पाकीट दिले तर त्यात एक तरी नाणे घालून देतात. रिकामे पाकीट देणे म्हणजे ‘तुझे घर असेच राहो’ म्हणणे. आणि पहिले नाणे देणाऱ्याच्याच हातचे लागते. पुरिंगला लग्नात नणंदेने रिकामे पाकीट दिले होते. वादळाने छप्पर नेले तेव्हा पुरिंगने वादळाला दोष दिलाच नाही, नणंदेला दिला.

आता या बटव्याचे करायचे काय? टाकावा, तर मेलेल्या माणसाचे रेशीम, टाकवत नाही. सेल्सोला द्यावा, तर आपल्या पानातली रिकामी वाटी भावाच्या पानात सरकवल्यासारखे. स्वतःच नाणे घालावे, तर आपल्याच हाताने आपल्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवता येतो का? आणि घरी पाऊल टाकताच पुरिंग विचारणार की पहिले नाणे कुणाचे. तिच्याशी तो खोटे बोलू शकला असता. पण दुकानाच्या फळीवर, बाळराजा, तुझी मूर्ती उभी असते, तिच्यासमोर कसे बोलणार?

मागावे, हाच मार्ग. आणि तोच बंद. जहाजावर पाय ठेवल्या दिवशी पहिली शिकवण ती मिळते: पाहुण्यापुढे हात पसरायचा नाही. हसूसुद्धा दारात जास्त वेळ रेंगाळू द्यायचे नाही, कुणाला वाटेल वाट बघतोय. पत्रे एकीकडे, पत्र्याखालच्या घराचे नशीब दुसरीकडे. एक राखावे तर दुसरे जाते.

मिसेस हाल्वर्सन काठी घेऊन दाराबाहेर पडल्या, तसा तेर्यो पुढे झाला. इंग्रजी त्याला येत होते, पण ते बर्फाचे, टॉवेलचे, ‘दिवस छान जावो’चे इंग्रजी. रिकाम्या पाकिटाचे इंग्रजी त्याला कुणी शिकवले नव्हते. त्याने बटव्याचे तोंड उघडून त्यांच्यापुढे धरले.

“मॅडम, यात एक नाणं घाला. एकच. प्लीज.”

बाईंच्या चेहऱ्यावरचे हसू विझले. त्यांनी बटव्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

“मला वाटलं होतं, तुला आवडला,” त्या म्हणाल्या.

“आवडला, मॅडम. म्हणूनच तर. आमच्याकडे, घर, म्हणजे...” शब्द सापडेना.

त्यांनी पर्स चाचपली, हाताला लागले ते सर्वांत लहान तांबडे नाणे, एक सेंटचे, काढले आणि बटव्यात सोडले.

“हे घे. झालं समाधान?”

आणि तेर्योचे खरोखरच समाधान झाले. तोंड उजळले. त्याने बटवा कपाळाला लावला आणि म्हणाला, “देव तुमचं घर भरलेलं ठेवो.” ते पाहून बाई आणखीच दुखावल्या. हा आपली थट्टा करतो आहे, असे त्यांना वाटले असावे. त्या काठी टेकत निघून गेल्या.

शेजारच्या खोलीच्या दारात मारियान उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. तेर्योने त्याला सारा प्रकार सांगितला. मारियान कपाळ चोळत राहिला.

“एका सेंटसाठी?” तो म्हणाला. “थाप मारणारा निदान मोठ्या नोटेसाठी तरी मारेल. माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण ती बाई खाली काउंटरवर काय सांगेल, त्यावर माझ्या विश्वासाचा काय उपयोग?”

बाईंनी तक्रार अशी केलीच नाही. खाली त्या फक्त म्हणाल्या, की एवढा चांगला माणूस, पण शेवटी त्यालाही पैसेच हवे होते. तेवढे पुरले. दुपारी नवे पाहुणे चढायच्या आत वरच्या खोल्या दुसऱ्याच्या नावावर गेल्या होत्या.

त्या दिवशी तेर्योने हत्ती केला नाही, माकडही नाही. टॉवेलांच्या नुसत्या चौकोनी घड्या घातल्या आणि गाद्यांवर अशा थापट्या मारल्या की शेजारच्या खोलीत ऐकू जावे.

“आता तरी म्हण, मानोंग,” सेल्सो जेवताना म्हणाला, “रोखच बरी.”

“रोखच बरी,” तेर्यो म्हणाला. मग ताट सरकवून म्हणाला, “पण बटवा वाईट नव्हता रे. त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी मूठभर घातले असते.”

“कोण सांगणार? आपण तोंड उघडलं की म्हणतात, हात पसरला.”

बाळराजा, भांडण आहे ते इथे. देणारा ठरवतो काय द्यायचे, कसे द्यायचे; घेणाऱ्याने फक्त हसायचे. तुझ्या देवळात आम्ही तोंडाने मागतो, मेणबत्ती लावून मागतो, रडून मागतो, आणि तू कधी म्हणत नाहीस की याला पैसेच हवे होते. मग माणसांच्या जगात मागण्याला एवढी शिक्षा का?

तेर्यो घरी आला. ताडपत्री फडफडत होती. पुरिंगने बटवा उलटसुलट पाहिला, शिलाईवरून बोट फिरवले आणि त्याचे तोंड उघडून आत पाहिले.

“पहिलं नाणं कुणाचं?”

“तिचंच. तिच्या हातानं.”

“हसत घातलं?”

फळीवरून, बाळराजा, तू बघत होतास. “नाही,” तेर्यो म्हणाला. “रागानं.” आणि मग वरच्या खोल्यांचेही सांगून टाकले.

वर ताडपत्रीने दोनदा थाप मारली.

“एलेउतेरिओ लुमांतास,” ती म्हणाली, “एका सेंटपायी छप्पर घालवून आलास.”

तो मान खाली घालून उभा राहिला. पुरिंगने बटवा मूर्तीखालच्या खिळ्याला अडकवला. तेवढ्यात शेजारीण मीठ घ्यायला आली. तिने दिलेले नाणे पुरिंगने गल्ल्यात टाकले नाही, बटव्यात टाकले.

“रागानं का होईना, घातलं ना तिनं,” ती तेर्योकडे न बघता म्हणाली. “ये, जेवायला बस.”

बाळराजा, या घराला सांभाळ. यांच्या बटव्याचा तळ कधी दिसू नये, यांच्या डोक्यावर पत्रा यावा आणि पावसात तो वाजावा. तेर्योला हत्ती करण्याची हौस पुन्हा येऊ दे. मिनेसोटाच्या त्या बाईंचा गुडघा बरा कर, आणि कधीतरी, कुणाच्या तरी तोंडून, त्यांना त्या एका नाण्याचा अर्थ कळू दे. पुरिंगचे चूल-भांडे नांदते राहो, तेर्योचे तारू सुखरूप घरी येवो, आणि मागण्यासाठी उघडलेल्या प्रत्येक तोंडाचे म्हणणे कुणीतरी शेवटपर्यंत ऐको.