शून्यमामा आणि चाकाच्या पोटातले मणी

ट्रकच्या चाकाचा तोल साधणं हे शून्यमामाचं काम. चाक मशीनवर चढवायचं, गरगर फिरवायचं, कुठली बाजू किती ग्रॅमने हलकी आहे ते मशीन सांगतं. तिथे रिमच्या कडेला शिशाचं वजन ठोकून बसवायचं आणि पुन्हा फिरवायचं. पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य उमटलं की मामा लॉटरीचा नंबर पुकारावा तसा ओरडायचा, "शून्य!" एकोणतीस वर्षं हेच. नावही त्यावरूनच पडलं.

"शाळेत शून्य मिळालं की बाबा बदडायचे," तो सांगायचा. "आता त्याचाच पगार मिळतो."

घरीही त्याला स्वस्थता नव्हती. छताच्या पंख्याच्या एका पात्याला त्याने छोटं वजन चिकटवलं होतं, जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली पत्र्याची चकती होती. मामी म्हणायची, "मी दोन दिवस लंगडले ना, तर हा मलाही एखादं वजन ठोकेल."

या मामाची एक भाची होती. ट्रक चालवायला तिला मामानेच शिकवलं होतं, आणि तिच्या ट्रकच्या चाकांना मामाशिवाय कुणी हात लावत नसे. ती उबवणीची अंडी वाहून न्यायची. ही अंडी खायची नव्हेत, पिल्लं काढायची. अशा अंड्यांचं कवच शाबूत राहिलं तरी गाडी सतत थरथरली की आतला जीव दगावतो. वाटेत खडीच्या रस्त्याचा अकरा किलोमीटरचा पट्टा लागायचा. खडी उडून रिमवर आपटायची, मामाने ठोकलेलं वजन टुणकन उडायचं आणि पुढचे सव्वाशे किलोमीटर स्टेअरिंग तापाने फणफणल्यासारखं कापायचं.

मामाला सांगितलं की तो म्हणायचा, "त्यात काय! दुसरं ठोकू."

पण उबवणी केंद्राच्या बाईंनी गेल्या महिन्यात स्पष्टच सांगितलं होतं, "तुमच्या गाडीतल्या अंड्यांतून पिल्लं कमी निघतात. पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरा ट्रक बघू."

म्हणून मागच्या आठवड्यात तिने दुसऱ्याच गावातल्या दुकानात पुढच्या दोन्ही चाकांची वजनं काढून टाकली आणि टायरच्या आत काचेचे मणी भरून घेतले. मोहरीहून बारीक. चाक वेगाने धावायला लागलं की हे मणी आपले आपण हलक्या बाजूला सरकतात आणि तोल सांभाळतात. बाहेर काही लावलेलंच नाही, तर खडी उडवणार काय? स्टेअरिंग असं शांत झालं की तिला गाणं म्हणावंसं वाटलं. मनात फक्त एक काटा होता. घरात शिंपी असताना बाहेरून कपडे शिवून घ्यावेत, तसलं हे काम.

गुरुवारी सकाळी साडेदहाला ती नेहमीप्रमाणे मामाच्या गॅरेजवर थांबली. डाव्या चाकात हवा कमी वाटत होती आणि दुपारी दोनला अंडी भरायची होती. पाच मिनिटांत निघू, असा तिचा बेत होता.

मामा वाकला. "अगं, दोन्हीकडची वजनं गेली की!"

"राहू दे मामा, उशीर होतोय."

"अंडी काय पळून जाणार आहेत?" जॅक खाली सरकलासुद्धा.

चाक मशीनवर चढलं. एकशे चाळीस ग्रॅम. मामाने वजन ठोकलं, चाक फिरवलं. आता नव्वद, तेही भलत्याच जागी. ते काढून तिथे ठोकलं. आता एकशे दहा, समोरच्या बाजूला. शेजारी पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याने मान वर केली.

"मामा, चाक तुझ्याशी लपंडाव खेळतंय वाटतं."

"तू तुझे बुडबुडे बघ."

भाचीने तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगावं तर मघाशी का नाही सांगितलं? एकदा गप्प बसलं की पुढचं गप्प बसणं आपसूक होतं. सहाव्यांदा वजन ठोकल्यावर मामाने चष्मा काढून पुसला. मग कोपऱ्यातलं त्याचं खात्रीचं चाक आणलं, मशीन तपासायला ठेवलेलं. ते फिरवलं. दोन्ही बाजूंना शून्य. या वेळी तो ओरडला नाही.

"म्हणजे मशीन ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "मग मीच बिघडलोय."

तो उलट्या बादलीवर बसला. "वजन कुठे बसतंय ते मला आता दिसत नसणार. सोमवारी मालकांना सांगतो, मला हवा भरायला बसवा." आणि त्याने हातोडी पंक्चरवाल्यापुढे धरली. पंक्चरवाल्याला एवढी भीती वाटली की त्याने हात मागेच नेले.

भाचीला ते पाहवेना.

"मामा, तू ठीक आहेस. चाकाच्या पोटात मणी आहेत."

"कसले मणी?"

"काचेचे. मी भरून घेतले. बाहेरून."

पंक्चरवाला असा हसला की ट्यूब पाण्यात निसटली. मामा मात्र चाकाकडे बघत राहिला.

"म्हणजे मी वजन ठोकतोय आणि मशीनवर रस्त्याइतका वेग नाही, म्हणून ते आत जागा बदलतायत."

"हो."

"आणि तू उभी राहून बघतेयस."

"हो."

"पाच वेळा."

"सहा," ती म्हणाली.

मामाने मोठा श्वास सोडला. "वाचलो! मला वाटलं, डोळेच गेले." मग एकदम तो ताडकन उठला. "किती ग्रॅम टाकले?"

"दोनशे."

"या मापाच्या टायरला? कोण तो शहाणा? तीनशे तरी हवेत. आणि व्हॉल्व्हला जाळी बसवली?"

"कसली जाळी?"

"घ्या! एखादा मणी व्हॉल्व्हमध्ये अडकला असणार, म्हणून हवा गळतेय. उगाच नाही आलीस सकाळी सकाळी."

"तुला एवढं कसं माहीत?"

मामाने खण ओढला. वजनांच्या डब्यामागे मण्यांची दोन पाकिटं होती, कुणा विक्रेत्याने वर्षापूर्वी दिलेली, न उघडलेली. सोबतचा कागद मात्र वाचून वाचून मऊ पडला होता.

"मला विचारलं असतंस, तर मी नाही म्हणालो असतो," तो म्हणाला.

"म्हणूनच नाही विचारलं."

"पण दुसऱ्या दिवशी हो म्हणालो असतो."

त्याने आपली सगळी वजनं उपटली, मणी काट्यावर मोजून दोन्ही चाकांत भरले, व्हॉल्व्हला जाळ्या बसवल्या आणि दोन्ही रिमवर पिवळ्या रंगाने लिहिलं, 'पोटात मणी आहेत. मशीनवर चढवू नये.' दोनला दहा मिनिटं असताना भाची अंडी भरायच्या फाटकात शिरली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाज आनंदाने चिरकला होता. "मामा, शंभरात अठ्ठ्याऐंशी पिल्लं निघाली! बाई म्हणाल्या, काम तुमच्याकडेच राहील."

मामाने मनात वजाबाकी केली.

"म्हणजे बारा राहिली," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मागची चाकंही घेऊन ये."