भिंतीकडे तोंड केलेलं कपाट

वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याला एक कडवट, धुळकट आणि तरीही मायाळू असा वास असतो. जुन्या पुस्तकाच्या पोटात तो वर्षानुवर्षं दबून राहिला, की कागद, शाई आणि त्याचा कडवेपणा मिळून तिसराच एक परिमळ जन्माला येतो; शहागंजातल्या अत्तरवाल्याच्या कोणत्याही कुपीत तो सापडायचा नाही. माझ्या वडिलांच्या, आमच्या अण्णांच्या, बोटांना हा वास कायम असे. कसर लागू नये म्हणून हाती येईल त्या पुस्तकात लिंबाचा पाला घालायचा, हा त्यांचा शिरस्ता. आणि वाचन जिथं थांबेल तिथं एक हिरवी डहाळी खुणेसाठी ठेवायची, ही त्यांची चैन. डहाळी पुढं पुढं सरकत जाई, आणि ती पुरती वाळायच्या आत पुस्तक संपलेलं असे. एखादं पुस्तक घेण्याजोगं आहे की नाही, हे सांगणारं याहून प्रामाणिक माप जगात दुसरं असेल का?

पण हे माप मला दिसलं फार उशिरा. मी मूळचा पत्रकं काढणारा माणूस. माझी वाक्यं भिंतीवर चिकटण्यासाठी जन्मलेली. उद्गारचिन्ह दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. पोलिस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि ज्या शाळांत आम्ही आपली भाषा मधल्या सुट्टीत, तीही मान खाली घालून बोलायचो, त्याच शाळांत ती फळ्यावर आली. तो आनंद कोणत्या शब्दांत सांगू! मी स्वतः चौथीपर्यंत उर्दू गिरवलेली. मराठी वाचायला शिकलो तो पुढं, चोरून वाटलेल्या पत्रकांवरून. मग शहागंजात एका कापडदुकानाच्या माडीवर आम्ही मराठी वाचनालय काढलं, यात नवल ते काय? 'घर तिथं पुस्तक!' हे पत्रक माझं. लहानांसाठी द्या, थोरांसाठी द्या, कथा द्या, प्रवास द्या, विज्ञान द्या, पण मराठी द्या, असं पुण्या-मुंबईच्या दात्यांना मी खडसावून लिहिलं होतं. मागण्यातसुद्धा माझा सूर दटावण्याचाच!

दात्यांनी दिलं. स्टेशनावरून टांगे भरून पेटारे आले, आणि ते उघडताच मी सुन्न झालो. थोरांसाठी काय होतं? अध्यक्षीय भाषणं, सत्कारग्रंथ, आणि ज्यांची जोडलेली पानंसुद्धा कुणी कापली नव्हती असे कवितासंग्रह. स्वतःच्या घरात ज्याला कुणी हात लावला नाही, ते मराठवाड्यानं वाचावं! आणि लहानांसाठी? सदाचार, नुसता सदाचार! पहाटे उठणारी मुलं, खरं बोलणारी मुलं, आंधळ्याला रस्ता ओलांडून देणारी मुलं. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, याचं मला दुःख नाही. न पाहिलेला समुद्र पुस्तकातच तर पाहायचा असतो. पण या पुस्तकांतला समुद्रसुद्धा लाटा टाकून उपदेश करत होता!

माझी धाकटी बहीण सुशी तेव्हा तिसरीत. गल्लीतल्या पोरींची बोली तिच्या जिभेवर पुरती बसलेली. मी हौसेनं दिलेली पुस्तकं तिनं दोन दिवसांत परत आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

"दादा, ह्यातली पोरं लई शहाणी हायत. ह्यांना भांडायला कुणीच नाय का?"

"अगं, चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून लिहिलंय ते."

"सवयी आई लावतीच की, फुकटात. मग पुस्तकानं काय करायचं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. आणि सुशी तर मान वेळावून अण्णांकडं पळालीसुद्धा, कारण तिकडं एक जहाज बर्फात अडकलं होतं. उत्तर ध्रुवाकडं निघालेलं जहाज, चहूकडं गोठलेला दर्या, खलाशांनी कातड्याचे बूट उकळून खायला घेतलेले. आणि कप्तान कुणाला न सांगता होकायंत्र दुरुस्त करत बसलेला. ती हकिगत होती एका उर्दू सफरनाम्यात, म्हणजे प्रवासवर्णनात. अण्णा जुन्या अमदानीत कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढं कागद मांडणारे कारकून, होते. ते डोळ्यांनी उर्दू वाचत आणि तोंडानं मराठी सांगत, आणि या दोहोंमधली शिवण कुठं दिसत नसे. सुशी गुडघ्यांना मिठी मारून ऐके. ऐकता ऐकता, भर उन्हाळ्यात, तिच्या अंगावर शहारा येई!

हे मला खटकलं, लपवत नाही. म्हणून सगळीकडं गाजलेली एक मराठी कादंबरी मी मुद्दाम मागवून अण्णांच्या हातात ठेवली. "आता आपल्या भाषेतलं वाचा." त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, "शुक्रिया" म्हणाले, अंगणातल्या लिंबाची ताजी डहाळी तोडली आणि पहिल्या प्रकरणात ठेवली. महिना उलटला. सहज म्हणून मी ते पुस्तक उघडलं. डहाळी वाळून तपकिरी झाली होती, तिची पानं माझ्या तळहातावर गळली; आणि ती पहिल्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर होती.

मला वाटलं, आवडलं नसेल. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीच्या टोकाला अण्णा ते पुस्तक घेऊन बसलेले दिसले. ओठ हलत होते. बोट एकेका अक्षरावर थांबत होतं, मागं येत होतं, पुन्हा पुढं जात होतं. पहिलीतलं पोर वाचतं तसं! ज्या माणसाला सगळा मोहल्ला अर्जफाटा लिहायला शोधत यायचा, ज्यानं शेकड्यानं पुस्तकं पचवली, तो माझा बाप आपल्याच भाषेच्या एका ओळीशी घाम गाळून झुंजत होता.

"अण्णा, तुम्हाला मराठी..."

"बोलता येतं की बाळ, झक्कास येतं. वाचायला कुणी शिकवलं होतं आम्हाला? शाळा उर्दू, कचेरी उर्दू."

"आणि रोज सकाळी पोथी वाचता ती?"

"ती तोंडपाठ आहे. पुस्तक नुसतं समोर उघडं असतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "तू गल्लोगल्ली मराठीची पत्रकं वाटत होतास. अशा पोराला बापानं काय सांगायचं?"

या वाक्यावर मी आजवर एकही पत्रक काढू शकलेलो नाही.

राज्य बदलतं तेव्हा झेंडा एका सकाळीत बदलता येतो, पाट्या आठवड्यात रंगवता येतात. पण माणसाच्या डोळ्यांना लहानपणी लागलेलं वळण कोणत्या हुकुमानं बदलायचं? आम्ही म्हणालो, ती लिपी जुलमाची. जुलूम झाला हे खरंच. त्या दिवसांची आठवण निघाली की आजही कुणाच्या घरात चूल थंड राहते. पण तो जुलूम अक्षरांनी केला नव्हता. आणि त्या अक्षरांत दडलेलं बर्फातलं जहाज तर कुणाच्याच बाजूचं नव्हतं!

पोथी सोडली तर अण्णांकडं स्वतःची पुस्तकं नव्हती. ती येत आमच्याच वाचनालयातल्या एका जुन्या कपाटातून. कुणा वृद्ध मुन्सफानं मरताना दिलेलं ते सागवानी कपाट. सफरनामे, जासुसी कादंबऱ्या, तारेनक्षत्रांची पुस्तकं, हकिमी, चरित्रं, सगळं उर्दूत. वाचनालयाच्या वार्षिक समारंभात आमच्या अध्यक्षांनी, देशमुख वकिलांनी, त्या कपाटावरच तोफ डागली. भाषण मात्र विलक्षण झालं! मायबोलीचं ऋण, तिचा वनवास, तिचं राज्यारोहण. श्रोत्यांचे डोळे पाणावले. शेवटी ते गरजले, "आन् हे कपाट इकून टाकू! मराठीच्या माडीवर जागा फकस्त मराठीला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हार घेऊन त्यांच्या खुर्चीमागं उभा होतो. माझी नजर सहज त्यांच्या हातातल्या कागदावर फिरणाऱ्या बोटाकडं गेली, आणि हार घालायचा तसाच राहिला.

बोट उजवीकडून डावीकडं चाललं होतं.

मराठीच्या गौरवाचं ते अस्सल मराठी भाषण देशमुख वकील उर्दू लिपीत लिहून आणून वाचत होते! हसू का रडू, मला कळेना. घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. अण्णांनी सफरनामा तेवढा गुंडाळून परत द्यायला काढून ठेवला होता. सुशीनंच विचारलं, "कपाट इकल्यावर जहाजाचं काय होणार रं दादा? ती मान्सं तशीच बर्फात?"

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. मी म्हणालो, कपाट विकायचं नाही. वकीलसाहेबांनी पानदानातून नजर वर केली. "अरे, 'घर तिथं पुस्तक'वाला तूच ना? सगळ्यांच्या आधी तूच वरडायला पायजे होतास. जोश कुठं गेला?"

"जोश इथंच आहे," मी म्हणालो. मला मागंपुढं बघून बोलता येत नाही, हे माझे मित्र जाणतात. "काल भाषण फार छान झालं, वकीलसाहेब. बोट तेवढं उलट्या दिशेनं चाललं होतं."

खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज वर माडीवर ऐकू आला. मला वाटलं, आता हे उठून जाणार. पण त्यांनी पानाला चुना लावायचं थांबवून सगळ्यांवरून नजर फिरवली. "व्हय. उलटंच चाललं होतं. सुलटं कुणाचं चालतंय, सांगा की! ज्यानं एक मराठी पुस्तक सुरवातीपासून शेवटापोत्तर वाचलंय त्यानं हात वर करा."

माझ्याशिवाय एकही हात वर झाला नाही. वाचनालयाची कमिटी होती ती! मी ओरडलोच, "मग विकता कशाला?"

"लाज वाटती म्हून," वकील हळू म्हणाले. "पोरंबाळं वर येत्यात. त्यांच्या म्होरं ते कपाट उघडायची लाज वाटती. समोर नसलं म्हंजी झालं."

यावर तोडगा काढला तो माडीच्या मालकानं, कापडवाल्या शेटजीनं. दुकानात उजेडाला भडक दिसणारं ठाण फिरवून ठेवतात त्याच सहजतेनं तो म्हणाला, "समोर नको ना? मग त्याचं तोंड भिंतीकडं करा. इकलं बी नाय, दिसलं बी नाय." आणि ठराव एकमतानं मंजूर! मी टेबलावर मूठ आपटली, तर तेही अनुमोदनच समजलं गेलं.

असं ते कपाट फिरलं. भिंत आणि त्याचं दार यांच्यात एका माणसापुरती फट उरली. पुस्तक घ्यायचं तर आडवं होऊन आत शिरावं लागतं. मी संतापानं बघत राहिलो, आणि बघता बघता चकित होत गेलो. पहिले शिरले ते खुद्द वकीलसाहेब, पोट आत ओढून, धोतर सावरत; हातात जासुसी कादंबरी घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "उंदीर हायत का, बघत होतो." मग शेटजी. मग एकेक करून सगळी कमिटी उंदीर बघून आली! आणि पोरं? मोठी माणसं जिथं चोरून जातात ती जागा पोरांच्या नजरेतून सुटते थोडीच? सुशी आणि तिच्या मैत्रिणींनी त्या फटीतच बैठक मारली. अण्णा दाराशी टेकून बसले आणि जहाज पुन्हा हललं.

त्या फटीनं मला पुस्तकं निवडायला शिकवलं. दात्यांकडून येईल ते फळीवर लावायचं, हे मी सोडून दिलं. आता नवं पुस्तक आलं की ते आधी फटीत जातं, आत एक ताजी डहाळी ठेवून. सदाचार तिथल्या तिथं वाळतो. पक्ष्यांच्या घरट्यांवरच्या एका पुस्तकातली डहाळी दोन दिवसांत शेवटाला पोचली. गणिताच्या कोड्यांच्या पुस्तकातली पुढं जाते, मागं येते, कारण पोरींची त्यावरून भांडणं होतात. एका भुताच्या गोष्टीतली डहाळी तर पुस्तकासकट बेपत्ता आहे, आणि वकीलसाहेबांवर माझा संशय आहे. लहानांचं पुस्तक वेगळं आणि थोरांचं वेगळं, असं मी पत्रकात लिहिलं होतं. त्या फटीत इतकी जागाच नाही की लहान-थोर वेगळे बसतील.

माझा राग मात्र गेलेला नाही, हेही सांगून टाकतो. स्वतःचं पोट भरणारं पुस्तक माणसानं लपून वाचावं, आणि न वाचलेलं उजेडात मिरवावं, ही कोणती रीत? बाहेरून बघणाऱ्याला आमच्या वाचनालयात त्या कपाटाची कोरी पाठ तेवढी दिसते, आणि त्या पाठीवर कुणीतरी हौसेनं माझंच पत्रक चिकटवलंय: 'घर तिथं पुस्तक!' रोज ते वाचतो आणि रोज मला धक्का बसतो.

काल दुपारी मी स्वतःच आडवा होऊन आत शिरलो. जहाज सुटलं होतं; सफरनामा मिटून फळीवर परत गेला होता. अण्णांच्या मांडीवर ती मराठी कादंबरी होती, आणि शेजारी बसलेली सुशी त्यांच्या बोटाला धरून ओळीवरून डावीकडून उजवीकडं नेत होती. "अण्णा, जोडाक्षर हाय ते. घाबरू नका, मी हाय." अण्णांनी ते जोडाक्षर उच्चारलं, आणि एखादा मुकदमा जिंकल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. मी मान दुसरीकडं फिरवली. धूळ फार होती आत.

ती दोघं उठून गेल्यावर मी पुस्तक उघडलं. खूण पहिल्या पानावर नव्हती. फार लांबही गेली नव्हती; दुसरं प्रकरण नुकतंच लागलं होतं. मी ती डहाळी नाकाशी धरली. तो जुना, धुळकट कडवेपणा तिला अजून आला नव्हता. हिरवी होती.