पत्र्याचा रंग कोणाला विचारायचा

परतूर स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. आष्टीच्या रस्त्याला लागलेल्या रिक्षातून दोन्ही बाजूंचा फुटलेला कापूस आणि फुलांवर आलेली तूर दिसत होती. मला ज्या गावी जायचं होतं त्याचं नाव इथे लिहीत नाही. मी परत आलो. तिथल्या लोकांना तिथेच राहायचं आहे.

बोलावणं दिलीपचं होतं. आम्ही कॉलेजात एका खोलीत राहिलो. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "तू पेपरात होतास. येऊन एकदा आमच्या पेठेचे पत्रे बघून जा."

पेठ जुनी, अरुंद, समोरासमोर दुमजली घरं. पूर्वी सगळ्यांवर माळवद (मातीचं सपाट छत) होतं. ते गळायला लागल्यावर उतरते पत्रे आले, आणि त्यांच्याबरोबर एक रीतही आली. दिवाळीआधी पत्र्याला रंग द्यायचा, पण कोणता ते समोरच्या घराला विचारून. आपला पत्रा आपल्याला दिसत नाही, समोरच्याला दिवसभर दिसतो, हा त्यामागचा साधा हिशेब. त्यातून सगळी पेठ विटकरी, बिनचमकीची झाली होती.

आता एका बाजूला लालभडक, आरशासारखे चकचकीत पत्रे बसले आहेत. गावात पेठेच्या सुशोभीकरणाची समिती आहे. "वारसा जपायचा" म्हणून तिने हा रंग ठरवला. दुसऱ्या बाजूचा निर्णय त्याच दुपारी होता.

दिलीपच्या दारात पोचलो तर एका माणसाने हटकलं, "ड्रोनवाले तुम्हीच का?" नाही म्हणताच त्याचा माझ्यातला रस संपला.

जेवायला भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ) घातलेली आमटी होती. नंतर दिलीपच्या बायकोने, सुमनवहिनींनी, मला माडीवर नेलं. तिथे त्या ब्लाऊज शिवतात. निम्मं घर त्यावर चालतं. खिडकीसमोर पलीकडच्या घरातल्या भास्करभाऊंचा नवा पत्रा. ऊन त्यावर पडून खोलीत येत होतं आणि भिंती, मशीन, वहिनींचे हात, सगळं लाल झालं होतं.

खालून हाक आली. एक गिऱ्हाईक बाई ब्लाऊज हातात धरून जिना चढत आली.

"वहिनी, हे काय करून ठेवलं? वांगी रंगाच्या ब्लाऊजला डाळिंबी दोरा! उन्हात धरून बघितलं न्हाई का?"

"उन्हातच तर बघितलं, बाई."

"मंग डोळे दाखवा जालन्याला जाऊन."

 वहिनींनी दोऱ्याची दोन रिळं उचलली आणि मागच्या जिन्यात जाऊन पाहिली. मीही पाहिली. खोलीत दोन्ही सारखी दिसत होती, जिन्यात नव्हती.

"हे तिसरं ब्लाऊज," दिलीप म्हणाला. "दुपारी वरी बसायचंच सोडून राह्यली ती."

बैठक मारुतीच्या पारावर होती. अध्यक्षांनी रंगांचं कार्ड फिरवलं, तेही झाडाच्या सावलीत. पत्र्याचा तुकडा उन्हात धरून बघावा, असं कोणाला वाटलं नाही. वहिनी उभ्या राहिल्या.

"रंग लालच ठेवा. पण बिनचमकीचा घ्या. अन् भास्करभाऊंच्या पत्र्यावर तसाच हात फिरवा. मला दोरा ओळखू येईना."

"ताई, बिनचमकीचा पत्रा वरून धुळकट दिसतो," अध्यक्ष म्हणाले. "आज शूटिंग आहे."

"वरून कोण बघतंय? हितं समोरच्याला विचारत्यात."

"आता वरून बघणाऱ्याला विचारायचं!" अध्यक्ष हसले. त्यांच्या शेजारचे चौघेही हसले. मग वहिनी भास्करभाऊंकडे वळल्या.

"भाऊ, दर साली तुम्ही पत्र्यावर दोन पट्टे ओढून मला हाक मारायचे. औंदा का न्हाई मारली?"

भास्करभाऊ खाली बघत होते. "मला तरी कुठं इचारलं, वहिनी? मी बाजाराला गेल्तो, आलो तर पत्रा बसला व्हता."

हे ऐकूनही कोणी थांबलं नाही. चकचकीत लाल, दोन्ही बाजूंना. हात वर झाले. वहिनींचा आणि दिलीपचा झाला नाही, भास्करभाऊंचा झाला नाही, बाकी सगळ्यांचे झाले. वारशाच्या नावाने पेठेची एकमेव जिवंत रीत मोडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. वहिनी घरी गेल्या, खिडकीवर जुनी चादर ठोकली आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावून मशीनवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत दिलीपने समितीच्या फेसबुक पानावरची ड्रोनची फीत पाठवली. वरून पेठ सुंदर दिसते, हे नोंदवायला हवं. लाल पत्र्यांची सरळ रेघ, मागे पांढरं शेत. खाली कौतुकाची रांग होती. एकाने लिहिलं होतं, "मस्तच! फक्त त्या खिडकीवरची चादर काढायला सांगा. सगळा शो घालवते."

ती चादर का लावली आहे, ते मी त्याखाली चार ओळींत लिहिलं. जालना यायच्या आत माझा मजकूर काढून टाकलेला होता. म्हणून तो इथे सविस्तर लिहिला आहे.