ती रडत का नाहीये?

जगात ज्या ज्या गोष्टीची भीती वाटणं शक्य आहे, तिला माझे भावोजी आधीच भिऊन झालेले असतात. आपल्याला संकट दारात आल्यावर घाम फुटतो. त्यांना ते गल्लीच्या तोंडाशी असतानाच फुटतो. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला ते आमच्या गिरगावच्या घरी आले, तेव्हा त्यांनी तिला नोकरी, स्वयंपाक, आवडीनिवडी यातलं अक्षरही विचारलं नाही. बाथरूमच्या दिशेनं एकदा मान वळवून ते फक्त म्हणाले, "तुमचा गीझर गॅसचा दिसतोय. खिडकी उघडी ठेवून आंघोळ करत जा हं." ते गेल्यावर आई म्हणाली, "मुलगा जरा चमत्कारिकच आहे." ताई म्हणाली, "माझ्या जिवाची इतकी काळजी आजवर कोणी केली नव्हती." आणि लग्न ठरलं. लग्नातसुद्धा, मंगलाष्टकं चालू असताना, हॉलचा मागचा दरवाजा फुलांच्या सजावटीनं बंद झालाय हे त्यांनी अंतरपाटाच्या अलीकडून टिपलं, आणि ती सजावट हलेपर्यंत हार घालायला हात वर केला नाही. भटजी दोन मंगलाष्टकं जास्तीची म्हणाले.

त्यात त्यांची नोकरी विमा कंपनीत, दाव्यांच्या खात्यात. माणसाच्या आयुष्यात काय काय बिघडू शकतं, हे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा वाचायचं आणि मग लालबागला घरी यायचं. घर चौदाव्या मजल्यावर. जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. त्या घराच्या बाल्कनीत भावोजी गेलेले मी पाहिलेले नाहीत. कपडे वाळत घालायची वेळ आली, तर ते दारातच उभे राहून काठीनं घालतात. मूळचे मालवणकडचे, पण काट्याला भितात. सुरमईचा तुकडा असा उलगडतात, की जणू आत कोणी चिठ्ठी दडवून ठेवली आहे. त्यांच्या आईला आम्ही सगळेच आये म्हणतो. ती हे बघून कपाळावर हात मारायची, "माझ्या पोटाक ह्यो असो भित्रो कसो जन्माक इलो गो?" आम्ही हसायचो. ताई हसायची, आये हसायची, आणि सगळ्यात मोठ्यानं मी. भावोजींची नक्कल करण्यात माझा हात कोणी धरत नसे. ती नक्कल बघून ते स्वतःही हसायचे, आणि हसता हसता माझ्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय का ते वाकून बघायचे.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, ताई छत्तिसाव्या वर्षात असताना, तिला दिवस गेले. आमची कल्पना होती की भावोजी बाळंतपणाच्या भीतीनं झुरतील. पण आठव्या महिन्यापर्यंत ती सगळी भीती त्यांनी वापरून संपवली होती आणि ते पुढच्या मुक्कामाला जाऊन पोचले होते: बाळ पिणार काय? ताईचं ठरलेलं होतं. दादरला ती गरोदर बायकांच्या वर्गाला जायची. तिथं अंगावरच्या दुधाचं महत्त्व तिच्या मनावर पक्कं बसलं होतं. वर्गातल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर वरच्या दुधाचं नाव काढणं म्हणजे घरातलं काही पाप चव्हाट्यावर आणण्यासारखं. आयेनंही बजावलं होतं, "डब्याचा दूध माझ्या घरात नको." उलट ताईची ऑफिसातली मैत्रीण म्हणायची, "माझी दोन्ही मुलं डब्यावर वाढली. काय वाईट झालं? आणि तीन महिन्यांनी कामावर येणारेस ना तू?" भावोजी दोन्हींना भीत होते. डब्याच्या दुधात पाणी किती उकळायचं, चमचा सपाट की शिगोशीग, बाटलीच्या बुचाखाली काय अडकून राहतं, या विचारानं त्यांची भूक मेली होती. आणि अंगावरच्या दुधाबद्दल त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. एकदा जेवताना ते अगदी गंभीरपणे मला म्हणाले, "बाटलीवर रेघा असतात गं. आईवर नसतात. पोटात किती गेलं, कळणार कसं?"

हे वाक्य मी त्या आठवड्यात निदान दहा जणांना त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं.

त्यानंतर सातव्या दिवशी म्हणा, आठव्या दिवशी म्हणा, ताईला कपाटात बॅगांच्या मागे दुधाच्या पावडरचा डबा सापडला. न उघडलेला. "अडीअडचणीला असू दे म्हणून आणला," भावोजी पुटपुटले. ताई ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. ती म्हणाली, "म्हणजे मला जमणार नाही, हे तू आधीच धरून चाललायस." भावोजी तो डबा तसाच उचलून खाली केमिस्टकडे परत देऊन आले. त्यानंतर त्या घरात दुधाचा विषय निघाला की ते उठून पाणी प्यायला जायचे.

मुलगी झाली. सिझेरियन झालं, पण सगळं नीट पार पडलं. चौथ्या दिवशी दोघी घरी आल्या आणि मी रजा टाकून मदतीला लालबागला राहायला गेले. पहिला दिवस भाचीनं रडून घर डोक्यावर घेतलं. ताई तिला सारखी पाजायला घ्यायची. पोर दोनदा ओढायची, सुटायची, पुन्हा रडायची. ताईची स्तनाग्रं चिरली होती, ओठ दाबून ती रडू आवरत होती. आयेनं अळिवाची खीर केली, शेवग्याच्या पाल्याची भाजी केली, लसूण घालून काय काय केलं. "येतला दूध, येतला," ती ताईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची. भावोजी खोलीच्या उंबऱ्यात उभे. आत नाही, बाहेर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर एकदम शांत झालं. पोर झोपली होती. गाढ. ताईला किती दिवसांनी डोळा लागला. आयेनं मला डोळ्यानंच खुणावलं, की बघ, पोट भरलं. मी चहा टाकला. दुपारी बारापर्यंत ते बाळ झोपूनच होतं. पाजायला घेतलं तर दोन घोट घेतल्यासारखं करायचं आणि मान टाकायचं. आम्ही तिघी खूष होतो. आणि भावोजी पाळण्यापाशी उभे राहून म्हणाले,

"ती रडत का नाहीये?"

मी हसले. हे मला लिहायलाच हवं, की मी हसले. म्हटलं, "भावोजी, काल रडत होती म्हणून घाबरलात, आज रडत नाही म्हणून घाबरलात. तिनं करायचं तरी काय?"

ते हसले नाहीत. "डायपर सकाळपासून कोरडा आहे," ते म्हणाले.

"चांगल्या कंपनीचा असेल," मी म्हटलं.

"पोर निजलासा, निजाक दी," आये स्वयंपाकघरातून म्हणाली.

भावोजींनी वाकून तिच्या तळपायाला बोटानं गुदगुल्या केल्या. तिनं पाय ओढून घेतला नाही. त्यांनी तिच्या ओठाला करंगळी लावली आणि मला म्हणाले, "तू लावून बघ." मी हसतच हात पुढे केला. ओठ कागदासारखा कोरडा होता. मी तिला उचललं. ती माझ्या हातात ओल्या टॉवेलसारखी लोंबली. खिडकीच्या उजेडात तिचा चेहरा पिवळा दिसला, आणि तो सकाळपासून तसाच असणार हे मला तेव्हा कळलं.

ताई जागी झाली होती. "काय चाललंय?" तिनं विचारलं, आणि भावोजींच्या तोंडाकडे बघताच तिचा बांध फुटला. "तुला पहिल्या दिवसापासून डबाच द्यायचा होता. तुझी भीती तू माझ्या पोरीवर नको काढूस."

आयुष्यात कोणाला उलट उत्तर न दिलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "मला बोल. काय वाट्टेल ते बोल. पण टॅक्सीत बोल."

ताई टॅक्सीत एक अक्षर बोलली नाही. लालबाग ते परळ हे अंतर मी कितीदा तरी पायी तुडवलेलं आहे. त्या दुपारी ते संपतच नव्हतं. प्रत्येक सिग्नलला भावोजी बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवायचे, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. मला बाळाकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

हॉस्पिटलातल्या बालरोगतज्ज्ञ बाई तरुण होत्या. त्यांनी बाळाला काट्यावर ठेवलं, टाळूवर हात फिरवला, आणि त्यांचा हात एकदम भराभर चालायला लागला. वजन जन्माच्या वेळेपेक्षा बरंच उतरलं होतं. अंगातलं पाणी कमी झालं होतं, कावीळ होती. रक्त घेतलं, सलाईन लावलं. "कोणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. मी भावोजींकडे बोट दाखवलं. "आज आणलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत थांबला असतात तर..." आणि वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही. ते अर्धं वाक्य मी अजून कधी कधी पुरं करते आणि दचकते.

ताई भिंतीला टेकून म्हणाली, "माझं दूध पुरलं नाही."

"दूध उशिरा उतरतंय, आणि बाळाला तोंडात नीट धरता आलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्हींवर उपाय आहे. आज तिला वाटी-चमच्यानं पावडरचं दूध देऊ. तुमचं दूध येण्यासाठी पंप लावू. ती सावरली की नर्स तुम्हाला पाजायचं शिकवेल. यात कोणी नापास झालेलं नाही." ताईनं मान हलवली, पण डोळे पुसले नाहीत.

संध्याकाळी नर्सनं वाटी आणि चमचा आणला. ताईला टाके दुखत असल्यामुळे बसवेना, म्हणून वाटी भावोजींच्या हातात आली. मला वाटलं, हे सांडणार. त्यांनी चमचा तिच्या ओठाच्या कडेला लावला, थेंब थेंब सोडला, घोट गिळलेला बघितला, मगच पुढचा. अर्ध्या वाटीनंतर तिनं डोळे उघडले आणि चमचा दूर गेला म्हणून टाहो फोडला. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. भावोजी नर्सला म्हणाले, "रडली." मग ताईला म्हणाले, "रडली गं." मग वाटी माझ्या हातात दिली आणि बाहेर निघून गेले.

कॉरिडॉरमधल्या बाकावर ते मला सापडले. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही होतात म्हणून." त्यांनी मान हलवली. "काल संध्याकाळीच वाटलं होतं मला," ते म्हणाले. "बोललो नाही. म्हटलं, नेहमीसारखं हसतील. आणि तिला वाटेल, मी पुन्हा डबा काढला." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. मला त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसवलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोर घरी आली. पुढचे सहा महिने दोन्ही चाललं. ताईचं दूध यायला लागलं आणि मग चांगलंच आलं. ती कामावर गेल्यावर दिवसा आये पावडरचं दूध द्यायची. चष्मा लावून, चमच्यावरून सुरीची बोथट बाजू फिरवून सपाट करून. मी एकदा बघत उभी राहिले तर मलाच दटावलं, "बगतंस काय? हात धुलंस?" वर्गातल्या त्या ग्रुपवर ताईनं सगळं खरं लिहिलं. दोघी-तिघींनी लगेच उत्तर दिलं, की आमच्याकडेही असंच झालं होतं, सांगितलं नव्हतं एवढंच.

भाची आता चार वर्षांची आहे आणि तिला कशाचीच भीती वाटत नाही. गेल्या रविवारी दादरच्या बागेत ती लोखंडी जाळीवर सगळ्यात वर चढून एक हात सोडून उभी होती. भावोजी माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले होते. पूर्वी त्यांनी अशा वेळी मला टाके, प्लास्टर, धनुर्वात, सगळं सांगितलं असतं. आता सांगत नाहीत. मी कारण ओळखून आहे. हल्ली ते नुसतं "अरे" म्हणाले तरी ताईचा चेहरा उतरतो, आये हातातलं काम टाकून येते आणि मी चपला शोधायला लागते. आमची ती अवस्था त्यांना बघवत नसावी. म्हणून एवढी सगळी भीती ते आता एकटेच बाळगतात.

त्यांच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. मी म्हटलं, "सांगा ना भावोजी, काय होईल असं वाटतंय?"

त्यांनी मुलीवरची नजर काढली नाही. "नको," ते म्हणाले. "तू हसणार नाहीस."