इंजिनाला दिलेलं आवतन

आबा सकाळी गेले. मला अजून रडू आलेलं नाही.

पाहुणे येताहेत. मी खुर्च्या मांडतोय. फोन उचलून "हो, सकाळीच" म्हणतोय.

डोक्यात आबांनी हजारदा सांगितलेली गोष्ट फिरतेय.

निजामाचं राज्य होतं. आबांचं नुकतंच लग्न झालेलं. घनसावंगीकडच्या एका जमीनदारानं टाकून दिलेला ट्रॅक्टर त्यांनी हट्टानं घरी आणला. पावसात उघड्यावर राहून त्याचे पिस्टन गंजून जाम झाले होते.

पणजोबा म्हणाले, "पोळा झाल्यावर बी फिरलं न्हाई, तर भंगारात देतो. मंग तू अन् तुझा नांगर."

आबांचा त्या मशीनवर जीव जडला होता. घाई केली. गिअर टाकून पुढं बैल जुंपले.

इंजिन फिरेना. चाकं नुसतीच चिखलातून फरफटली. गाव पोट धरून हसलं.

पणजोबांनी घण उचलला.

त्या संध्याकाळी खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तेल-हळदीनं चोळतात, जेवणाचं आवतन देतात. पोळ्याला त्यांना बिलकुल कामाला लावत नाहीत.

पणजी उरलेल्या करडीच्या तेलाची वाटी घेऊन आली.

"त्याचे बी खांदे धरलेत. वत हे आत. उद्या पोळा हाय, कुणी हात लावायचा न्हाई."

आबांनी प्लग काढले. राकेल मिसळून तेल आत ओतलं.

पणजी बैलांना म्हणतात तेच इंजिनाला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

पोळ्याला ट्रॅक्टरसमोरही पुरणपोळी ठेवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आबांनी इंजिन फिरवायचं हँडल हळूच दाबलं. जरासं हललं. मग आणखी जरासं.

 पणजोबा घण आत ठेवून आले.

आता आमच्याकडे बैल नाहीत. ट्रॅक्टर नवा आहे. त्याला आवतन मात्र दरवर्षी आबाच द्यायचे, मागच्या पोळ्याला काठी टेकत दिलं.

आज अंघोळ घालताना काका म्हणाले, "खांद्याला तूप तू लाव."

खांदे ताठ झाले होते. मी चोळत राहिलो. उगाच वाटलं, थोडा वेळ दिला तर सुटतील.

काका म्हणाले, "बास कर आता. उचलायचं हाय."

माझ्या तोंडून निघालं, "आज आवतन घ्या, आबा."

पुढचं म्हणता आलं नाही.

आबा, निवांत पडा. उद्या तुम्हाला कुणी कामाला लावणार नाही.