आईची कांद्याची माळ

“इथे लाच घेत नाहीत, बाई. उचला ते.”

मॅडमनी हे हसून सांगितलं. शेजारी बसलेले दोन सरही हसले. आणि माझी आई टेबलासमोर तशीच उभी राहिली, पुढे केलेल्या हातांत पांढऱ्या कांद्याची माळ.

मुंबईतलं मोठ्या नावाचं कॉलेज. नाव घेत नाही. घेतलं की लोक आजही डोळे मोठे करतात, तिथे लागला होता तुझा नंबर? व्हय, लागला होता. मार्कांवर लागला होता. त्या दिवशी फक्त कागद तपासून घ्यायचे होते आणि वसतिगृहाची खोली पक्की करायची होती. पालकांनी सोबत यायचं होतं. बाबांना कंपनीतून सुट्टी मिळेना, म्हणून आई आली. पहाटे रेवसला लाँच पकडली, भाऊच्या धक्क्याला उतरलो. सगळ्या वाटेत आईने ती माळ मांडीवरून खाली ठेवली नाही.

आमच्यात कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. भात निघालं की त्याच जमिनीत आम्ही पांढरा कांदा लावतो. तो पातीसकट विणून माळा करायच्या आणि आढ्याला टांगायच्या. बाकीच्या विकायच्या, पण सगळ्यात चांगल्या आई बाजूला ठेवायची. एक शाळेतल्या गुरुजींना, एक दवाखान्यातल्या डॉक्टरांना, एक लग्न झालेल्या ताईच्या सासरी. यात लाच कुठे आली? लेक जिथे राहणार तिथल्या माणसांना काही द्यायला नको?

मॅडम इंग्रजीत बोलल्या असत्या तर आईला निदान कळलं तरी नसतं. “लाच” तिला बरोबर कळलं.

मग मॅडमनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मला बसवून घेतलं. मार्क छान आहेत म्हणाल्या. खोली मिळेल म्हणाल्या. फक्त बोलणं सुधारावं लागेल, इथे हाय-न्हाय चालत नाही. आणि घरून सुकी मासळी-बिसळी काही आणायची नाही, बाकीच्या मुलींना वासाचा त्रास होतो. मी मान हलवली. हो मॅडम, हो मॅडम. काय गुणी पोर मी! सांगितलं तिथे सही केली आणि बाहेर आले.

व्हरांड्यात आई फरशीवर वाकली होती. वाळलेल्या माळेच्या साली गळतातच. त्या तिथे पडल्या होत्या. शिपाई कमरेवर हात ठेवून उभा होता आणि आई एकेक साल वेचून पदरात घेत होती. मला बघून म्हणाली, “झालं का गो काम? थांब, एवढ्या साली उचलते.”

मी काही ठरवलं नव्हतं. पायच मागे वळले.

“मॅडम, माझे कागद परत द्या.”

“का? काय झालं?”

“मला इथे न्हाय शिकायचं.”

न्हाय मुद्दाम म्हटलं. चांगलं ठसक्यात.

परतीच्या लाँचमध्ये आई माळ पुन्हा मांडीवर घेऊन बसली. धक्का मागे पडल्यावर हळूच म्हणाली, “माझ्यामुलं झालं ना गो?”

“न्हाय. मलाच न्हाय आवडलं ते.”

हे खोटं मला अजून टोचतं. तिने ते कधीच खरं मानलं नाही. आणि मी नाव घातलं ते कॉलेज बघितल्यावर तर मुळीच नाही. नाक्यावरून मिनिडोरने, त्या सहा आसनी रिक्षाने, जायचं. शाळेच्या वरच्या मजल्यावर कॉलेज, त्यावर पत्रे. पाऊस लागला की सर काय शिकवतात ते पहिल्या बाकालासुद्धा ऐकू यायचं नाही. प्रयोगशाळेत एकाच तराजूसाठी आम्ही रांग लावायचो. तालुक्याबाहेर त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही.

आई ज्यांच्या नारळी-पोफळीच्या बागेत कामाला जायची, ते बागवाले काका त्याच मोठ्या कॉलेजात शिकलेले. माझा नंबर लागला तेव्हा पेढे मागत होते. नंतर चार माणसांत आईला ऐकवलं, “तुमच्या लोकांना दिलं तरी पचत नाही.” आई मान खाली घालून सुपाऱ्या सोलत राहिली. घरी येऊन तिने एक शब्द सांगितला नाही, मला दुसऱ्या बाईकडून कळलं.

लेक मुंबईला शिकणार, असं ती गावभर सांगून बसली होती. मी मान ताठ करून आले आणि मान खाली घालायची वेळ तिच्यावर आली. माझ्या रागाची शिक्षा तिने भोगली.

आणि खरं सांगू? छोटं कॉलेज मनात भरलं म्हणून मी गेले नव्हते. चिडून गेले. पहिलं वर्षभर वाटायचं, हातचं घालवलंस, मूर्खे. पण शिकले तिथेच. मी हाय म्हणते की आहे म्हणते, याच्याशी तिथल्या सरांना काही देणंघेणं नव्हतं. उत्तर चुकलं की मात्र सालटी काढायचे. पुढचं शिक्षण करून आता मी तिथेच शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत टेबलामागे मीच असते. पालक येतात. कुणी केळी आणतं, कुणी सुकट. मी उठून दोन्ही हातांनी घेते आणि बसा म्हणते.

आई एकदाही आत आलेली नाही. बाजाराला आली की फाटकाशी उभी राहून मला बोलावते आणि तिथूनच परत जाते. आणि त्या दिवसापासून तिने कुणाला माळ दिलेली नाही. गुरुजींना नाही, डॉक्टरांना नाही, ताईच्या सासरीसुद्धा नाही. सगळ्या विकायला काढते. यंदा मी म्हटलं, एक तरी ठेव बाजूला. म्हणाली, “नको. कुनाला काय वाटंल.”

कुणाचाही उंबरा रिकाम्या हाताने न चढलेल्या बाईला आता द्यायची लाज वाटते. हे त्या मॅडमनी केलं. निम्मं मी केलं. तुझ्यामुलं न्हाय, तुझ्यामुलं न्हाय, असं म्हणत राहिले. तिच्यामुळे झालं असतं तर तो तिचा गुन्हाच ठरला असता, असा त्याचा अर्थ झाला. मला हे कळायला इतकी वर्षं लागली, आणि शिकलेली म्हणे मी.

आता खरं सांगणार. व्हय आई, तुझ्यामुलंच. तुझ्या पदरात त्या साली बघितल्या म्हणून कागद परत मागितले. परत तशी वेळ आली तर परत मागेन.

यंदा प्रवेश सुरू झाले की आढ्यावरची सगळ्यात चांगली माळ मी काढणार आणि आईला मिनिडोरमध्ये बसवणार. येत न्हाय म्हणेल. भांडेल, रडेल. रडू दे. फाटकातून आत, जिना चढून वर, माझ्या टेबलापर्यंत, सगळ्या पालकांदेखत. माळ तिने तिथे ठेवायची. साली पडतील, पडू देत. वेचायला कुणी वाकलं तर दंडाला धरून उभं करीन, मग ती माझी आई का असेना.